खलनायकाची कवळी

कवळीकाकांच्या मागच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा फळीवर सात बरण्या होत्या. प्रत्येकीत पाणी. पाण्यात दात.

यात नवल काही नव्हतं. काका कवळ्या बनवतात. दवाखान्यातून लोकांच्या तोंडाची मापं येतात. काका त्यात प्लास्टर ओतून जबडा काढतात, मेणात एकेक दात बसवतात, आणि आठवड्याभरात कुणीतरी पुन्हा सफरचंद चावायला लागतं. चौतीस वर्षं हेच काम.

नवल चिठ्ठ्यांचं होतं. बरण्यांवर गिऱ्हाइकांची नावं नव्हती. 'नायिका' लिहिलं होतं. 'नायिकेचा भाऊ'. 'शेजारीण, चहाडखोर'. 'वकील'. 'खलनायक'. 'बाळ', त्यात दीड दात.

"माझ्या कादंबरीतली माणसं," काका म्हणाले. "आधी दात. मग माणूस."

सातव्या बरणीत नुसतंच पाणी होतं.

"आणि ही?"

"नायिकेची आजी."

मी साहित्यात एम. ए. केलंय. व्यक्तिरेखाटनावर वीस गुणांचं उत्तर लिहिलं होतं. सतरा मिळाले होते. त्या उत्तरात दात हा शब्द एकदाही आला नव्हता.

मी समोरच्या घरात राहते. माझी पदवी गल्लीत समजली, त्याच संध्याकाळी काकांनी मला जिन्यात अडवलं होतं. "तू साहित्य शिकलीस ना? मग चल, तुला खलनायक दाखवतो." अशी आमची मैत्री झाली. ते एकोणसाठ वर्षांचे, मी चोवीस. ते बोलतात आणि मी बहुतेक वेळा तोंड उघडं ठेवून ऐकते. त्यांना ते सोयीचं पडतं. ऐकता ऐकता ते माझ्या दाढा तपासतात.

लहानपणी त्यांना लेखक व्हायचं होतं. थोरले भाऊ म्हणाले, आधी पोटाचं बघ. पोटाचं बघायचं तर तोंडापासून सुरुवात करावी, असं काकांनी ठरवलं. एका म्हाताऱ्या कारागिराकडे सहा वर्षं मेण वितळवलं. मग स्वतःचं दुकान टाकलं. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत कादंबरी. रस्त्याने चालताना ते कुणाच्या डोळ्यांकडे बघत नाहीत. बसमध्ये कुणी मनापासून हसलं की पुढे वाकून विचारतात, "माफ करा, ही माझी का?" दोनदा मार खाता खाता वाचलेत.

कादंबरीला अकरा वर्षं झाली होती. लिहून झालं होतं पहिलं प्रकरण. तेही चौदा वेळा.

पहिलं वाक्य 'ती उठली' असं होतं. ते 'ती जागी झाली' करावं का, यात एक उन्हाळा गेला. पण खरा घोळ खलनायकाचा होता. तो काकांना पुरेसा खलनायक वाटत नव्हता. वाटला नाही की ते त्याची कवळी मोडायचे, नवी करायचे, आणि नव्या दातांसाठी प्रकरण पुन्हा पहिल्यापासून लिहायचे. चौदावी कवळी मात्र जमली होती. सुळे लांब, टोकदार. खालची रांग किंचित आत. रंग हस्तिदंती. अशी झिलई की बरणीतही अंगावर आल्यासारखी वाटायची.

"हा करतो काय पण?" मी विचारलं होतं.

"नायिकेचं घर बळकावतो."

"ते कळलं. एरवी?"

"एरवी म्हणजे?"

"जेवतो कधी? झोपतो?"

"नाही."

"मग दिवसभर काय करतो?"

काकांनी विचार केला. "वाईट," ते म्हणाले.

नायिकाही तशीच. बत्तीसच्या बत्तीस दात, एका मापाचे. ती कधी चिडत नव्हती, कधी कंटाळत नव्हती, आणि पायऱ्या उतरताना तिचे पाय जमिनीला लागत होते की नाही अशी मला शंका होती. मी म्हटलं, हिची एखादी दाढ किडलेली दाखवा. काका दुखावले. "तिची का किडेल? नायिका आहे ती."

आमच्या वाचनालयात दर तीन महिन्यांनी नवं लेखन वाचायचा कार्यक्रम असतो. काकांचं नाव चार वेळा लागलं होतं. चारही वेळा ते आदल्या दिवशी रद्द झालं. एकदा तर त्यांनी दातदुखीचं कारण दिलं. पाचव्यांदा ग्रंथपाल बाईंनी निरोप पाठवला: शनिवारी पाच वाजता. आला नाहीत तर यापुढे तुमचं नाव मी फळ्यावर लिहिणार नाही, खडू फुकट जातो.

हा निरोप काकूंनी घेतला. आणि त्यांनी त्याला आपली अट जोडली.

"शनिवारी वाचलं नाहीत तर कादंबरी बंद. मागची खोली माझी."

"तू काय करणार त्या खोलीत?"

"काहीही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पडणार. दार लावून. अकरा वर्षं मी त्या बाईचे दात पुसतेय, अहो. मला पडायचंय."

काकांनी मान्य केलं. शनिवार तेव्हा दहा दिवस लांब होता. लांबचं सगळं काकांना मान्य असतं.

आता चूक कशी झाली ते सांगते. ती दुसऱ्या कुणाच्या घरी होऊच शकली नसती.

कवळी हवेत बनत नाही. तिला जबडा लागतो. खलनायकाचा जबडा कुठून आणणार? म्हणून काकांनी आपल्या एका गिऱ्हाइकाचा प्लास्टरचा जबडा वापरला होता. चौकोनी, रुंद, दणकट जबडा. तो होता बरंबाबांचा.

बरंबाबा म्हणजे टपाल कचेरीतले निवृत्त कारकून. अडुसष्ट वर्षांचे. काहीही सांगा, ते "बरं, बरं" म्हणतात. खिडकीवर कुणी रांग मोडली तर बरं. कुणी छत्री मागून नेली तर बरं. लग्न ठरलं तेव्हा बरं म्हणाले, मोडलं तेव्हाही बरं म्हणाले. थोरल्या बहिणीबरोबर राहतात. घरातले सगळे नकार ती देते.

याच बरंबाबांची नवी कवळी दवाखान्याने काकांना सांगितली होती. तर मंगळवारी पुढच्या टेबलावर दोन बिनचिठ्ठीच्या बरण्या होत्या. दोन्हींत एकाच जबड्यावर बेतलेले दात. एका बरणीत बरंबाबांची खरी कवळी, अजून पॉलिश न झालेली, मळकट. दुसऱ्या बरणीत खलनायक. काका त्याला शेवटची झिलई देऊन खाली टपरीवर गेले होते.

दवाखान्यातला माणूस आला. "बरंबाबांची कवळी झाली का?"

काकूंनी दोन्ही बरण्यांत पाहिलं. एक चकाकत होती. त्यांनी ती दिली. मीही तीच दिली असती. काकांनी परत येऊन उरलेली बरणी न बघताच फळीवर ठेवली.

गुरुवारी दुपारी काका लिहायला बसले. लिहिण्याआधी ते खलनायकाचे दात समोर ठेवतात आणि पाच मिनिटं टक लावून बघतात. बरणी उघडली. आतून बरंबाबांचे साधे, मळकट दात त्यांच्याकडे बघत होते.

मी त्या वेळी तिथेच होते. काकांचा चेहरा प्लास्टरसारखा झाला.

"अगं!" ते ओरडले. "माझा खलनायक कुठाय?"

"मंगळवारी नेला," काकू पुढच्या खोलीतून म्हणाल्या.

"कुणी?"

"दवाखान्याने. बसवला पण. छान बसला म्हणे. नुसते सुळे जरा मोठे वाटले डॉक्टरांना."

"आणि बरंबाबा? ते काही बोलले नाहीत?"

"काय बोलणार? बरं म्हणाले."

त्याच संध्याकाळी आम्ही बरंबाबांकडे गेलो. काकांच्या हातात एका डबीत खरी कवळी होती, आता पॉलिश केलेली. त्यांना दोन चिंता होत्या. कारागीर म्हणून लाज. आणि परवा पाच वाजता.

इस्त्रीच्या दुकानाला लागून त्यांचं घर. दोन खोल्या, दारात एक कुत्रा. दार बरंबाबांनी उघडलं आणि ते हसले.

मी एक पाऊल मागे सरले. कुत्रा दोन पावलं.

"बसा," बरंबाबा म्हणाले. तो हुकूम होता. मग घाईघाईने म्हणाले, "म्हणजे बसता का? उभं राहिलात तरी चालेल. बसलात तर बरं. बसाच."

आम्ही बसलो.

"कवळी कशी वाटते?" काकांनी जपून विचारलं.

बरंबाबा खुर्चीच्या टोकावर आले. "काय सांगू! काल आरशात बघितलं आणि मीच घाबरलो. मग बाजारात गेलो. भाजीवाल्याला म्हणालो, हे दोन बटाटे हिरवे आहेत. बदलून द्या."

"मग?"

"दिले! वर दादा म्हणाला मला. आजवर कुणी दादा म्हटलं नव्हतं."

"वा."

"पण मन खायला लागलं हो. आज सकाळी जाऊन दोन बटाटे परत देऊन आलो. सॉरी पण म्हणालो."

काकांनी खिशातून दवाखान्याची चिठ्ठी काढली. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी खरडलं.

"या कुत्र्याला पण हाकललं मी," बरंबाबा म्हणाले. "तीन वर्षं दारात घाण करतोय. नुसते दात दाखवले. पळाला. मग रात्रीचं काय खाणार बिचारा, म्हणून बिस्किटं घेऊन शोधत गेलो. चौकापर्यंत."

"आणि ताईंना?"

"ताईला म्हणालो, टीव्ही हळू कर. केला तिने. मग मला रडू आलं."

"रडला नाही तो," आतून ताईंचा आवाज आला. "कांदा चिरत होता."

"ताई, रडलो."

काका खरडतच होते. चिठ्ठी संपली. त्यांनी माझ्याकडे हात केला. मी वहीचं पान फाडून दिलं. मग एकदम त्यांना आपण कशाला आलोय ते आठवलं. त्यांनी डबी पुढे केली.

"बरंबाबा, चूक झालीय. तुमच्या तोंडात आहे ती कवळी तुमची नाही. ही तुमची. ती मला परत हवीय."

बरंबाबांनी डबीकडे पाहिलं. तोंड उघडलं. ओठ 'बरं' म्हणायला मिटत आले आणि मध्येच थांबले.

"नाही," ते म्हणाले.

आतला टीव्ही बंद झाला. हातात पळी घेऊन ताई दारात आल्या. पंचाहत्तरीच्या, ताठ. "काय म्हणालास?"

"नाही म्हणालो."

"परत म्हण."

"नाही."

ताई वेताच्या मोड्यावर बसल्या. पळी मांडीवर ठेवली. "मेल्या," त्या म्हणाल्या, "तुझ्या वाट्याचं 'नाही' म्हणत मी सगळ्या गावाशी वैर घेतलं. आणि तू हे तोंडात ठेवून बसला होतास?"

"ताई, मंगळवारीच बसवलेत."

"अहो, पण सुळे टोचतील," काका म्हणाले. ते रडवेले झाले होते. "खालच्या ओठाला लागतील. मी ते माणसासाठी केलेच नव्हते."

"टोचतात," बरंबाबा म्हणाले.

"मग?"

"टोचू देत." आणि लगेच, "तुम्ही चहा घेणार? ताई, त्यांना चहा. नाही, तू बस. मी करतो."

चहा त्यांनी केला. साखर विसरले. काकांनी शेवटी खिशातली कानस काढली, दोन्ही सुळ्यांची आतली बाजू थोडी घासून दिली. बरंबाबा तोंड उघडून बसले होते आणि मधूनमधून "नाही, नाही" असा सराव करत होते.

परतताना काका एवढंच म्हणाले, "खलनायक गेला. शनिवार गेला. खोली गेली."

शुक्रवारी सकाळी मी गेले तर ते रिकाम्या बरणीसमोर बसले होते. पंधरावी कवळी करायला आठवडा लागला असता. काकूंनी दारातून खोलीचं माप घ्यायला सुरुवात केली होती. पट्टी त्यांनी काकांचीच वापरली.

"वाचा की जुनंच," मी म्हटलं.

"ते चांगलं नाहीये. खलनायक कच्चा आहे."

"वाचून दाखवा बघू थोडं," काकू म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारलं असावं.

काकांनी पहिल्या प्रकरणाचा चौदावा खर्डा काढला. "'त्याच्या डोळ्यांतून आग बरसत होती. तो विकट हसला. घर खाली कर, तो गरजला आणि पुन्हा विकट हसला.'"

"दोनदा हसला?"

"तिसऱ्यांदा पुढच्या पानावर."

काकूंनी पट्टी मिटली. "अहो, असला माणूस मला भाजी बाजारात दिसला तर मी म्हणेन नाटकवाला आहे. त्यापेक्षा तुमचे ते बरंबाबा बरे. आधी दम देतात, मग बटाटे परत करतात. तसल्या माणसाची मला भीती वाटेल."

"का?"

"उद्या कसा वागेल ते कळत नाही ना!"

काकांनी कालची चिठ्ठी काढली. माझ्या वहीचं पान काढलं. खोडरबर शोधला. तो सापडला नाही. सहसा ते तेवढ्यावर दिवस थांबले असते. पण काकू पुन्हा पट्टी उघडून खिडकीपर्यंतचं अंतर मोजायला लागल्या, आणि काकांनी पेन उचललं.

दिवसभर लिहीत होते. मी दोनदा डोकावले. एकदा त्यांनी विचारलं, "दाढ दुखत असली की माणूस नीट ओरडू शकतो का?" म्हटलं, नाही. "मीही तेच सांगत असतो गिऱ्हाइकांना," ते म्हणाले आणि खाली वाकले. फळीवरच्या नायिकेच्या बरणीत आता एकतीस दात होते. बत्तिसावा टेबलावर पडला होता, काळ्या रंगाचा ठिपका दिलेला.

शनिवारी पाचला वाचनालयात चौदा माणसं होती. त्यातली तिघं पंख्यासाठी आली होती, कारण त्यांच्या खुर्च्या पंख्याकडे होत्या, वक्त्याकडे नव्हत्या. तिसऱ्या रांगेत बरंबाबा आणि ताई. काकू दाराजवळ. ग्रंथपाल बाईंनी फळ्यावर काकांचं नाव लिहिलं, पण खडू हातातच ठेवला. पुसायची वेळ आली तर, असा भाव होता.

काका उभे राहिले. हातातले कागद निरनिराळ्या मापांचे होते. एक दवाखान्याची चिठ्ठी होती, एक कॅलेंडरचा फाटका महिना. ते माझ्याजवळ वाकले. "चार ठिकाणी खाडाखोड आहे. वकील चुकून दोनदा आलाय. 'ती उठली' तसंच राहिलंय. मी घरी जातो."

"काका, काकू दारात उभ्या आहेत."

त्यांनी दाराकडे पाहिलं. काकूंनी दार लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकली. काकांनी वाचायला सुरुवात केली.

"'ती उठली. गाल एवढा सुजला होता की उशी बरोबर आली. दाराशी तो उभा होता. उद्यापर्यंत घर खाली कर, तो म्हणाला. तिला ओरडायचं होतं. तोंडातून नुसतं हं असं आलं. तो जवळ आला. दाढ का, म्हणाला. तिने मान हलवली. घरात लवंग आहे? तिने पुन्हा मान हलवली. डबा वरच्या फळीवर होता. त्याने स्टूल ओढलं, लवंग काढून दिली, दुखऱ्या बाजूला धर म्हणाला. मग स्टूल जागेवर ठेवलं. पण घर उद्याच, तो म्हणाला. लवंग वेगळी, घर वेगळं.'"

कुणीतरी हसलं. पंख्याकडची एक खुर्ची सरकली.

काका वाचत गेले. वकील दोनदा आला, कुणाचं काही बिघडलं नाही. खलनायक नायिकेच्या भावाला दम देत होता आणि देता देता त्याच्या शर्टाचं चुकलेलं बटण नीट लावत होता. नायिका त्याच्यावर मनातल्या मनात अशा शिव्या रचत होती की ताई पदर तोंडाला लावून हलत होत्या. मला हे कुठल्या प्रश्नात लिहायचं ते कळेना. मी नुसती ऐकत होते.

"'तो जायला निघाला,'" काकांनी वाचलं. "'उंबऱ्यापर्यंत गेला. आणि तिथेच थांबला, कारण'"

त्यांनी कागद उलटला. मागे अर्ध्या महिन्याच्या तारखा होत्या.

"कारण?" ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"एवढंच झालंय," काका म्हणाले. "पुढचं... अजून मलाच माहीत नाही."

अकरा वर्षं ते याच क्षणाला घाबरत होते. काका घाम पुसायला लागले, तोही कॅलेंडरच्या कागदाने.

"कारण त्याची चप्पल नव्हती," पंख्याच्या बाजूचा एक माणूस म्हणाला.

"चपलेसाठी कुणी थांबतं का? असा माणूस अनवाणी जाईल."

"तुम्ही गेलायत का कधी अनवाणी?"

"कारण तिने त्याला शिवी दिली आणि ती त्याला ऐकू आली," ताई म्हणाल्या.

"शिवी मनात होती, ताई."

"मनातल्याच ऐकू येतात."

"नाही!" बरंबाबा उठून उभे राहिले. सुळे चमकले. "नाही. तो थांबला, कारण त्याला स्टूल नीट ठेवलं की नाही ते आठवेना." मग ते गडबडले. "म्हणजे मला वाटतं. तुम्हाला चप्पल वाटत असली तरी बरं."

सहा वाजता ग्रंथपाल बाईंनी पंखा बंद केला. कुणीही उठलं नाही. ती तिघंसुद्धा. सव्वासहाला बाईंनी पंखा पुन्हा लावला आणि स्वतः खुर्ची घेऊन बसल्या. त्यांचं म्हणणं होतं, त्याला भूक लागली होती.

घरी येताना काकांचा चेहरा भूल उतरत असलेल्या माणसासारखा होता. काकू पुढे चालत होत्या. जिन्यात त्या थांबल्या.

"वाचलंत तुम्ही. खोली तुमची."

"हो," काका म्हणाले. "तुला पडायचं होतं ना पण?"

"ते राहू दे. तो का थांबला?"

"सांगितलं ना, माहीत नाही."

"बरंबाबांचं स्टूल नको हं. आणि भूक तर मुळीच नको. त्या बाईला काय कळतं! एवढा दम देऊन आलेला माणूस, उंबऱ्यावर उभा आहे, आणि मी झोपू?"

"उद्या बघतो. शांतपणे. ते पहिलं पान जरा नीट करून..."

"पहिल्या पानाला हात लावायचा नाही."

त्यांनी काकांना मागच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं, समोर कागद ठेवले. पेनाचं टोपणही काढून दिलं. मग बाहेर आल्या आणि बाहेरून कडी घातली.

काकूंनी मला बसायला चटई दिली आणि स्वतः दाराला पाठ लावून बसल्या. आतून काही ऐकू येत नव्हतं. पाच मिनिटं झाली असतील.

काकूंनी दारावर थाप मारली.

"अहो, कळलं का?"